देव 'नाहीं' म्हणतो तेव्हां

खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत काम करणाऱ्या उपदेशकांस एक प्रश्न वारंवार विचारण्यांत येतो. तो पुस्तकी प्रश्न नव्हे. बहुधा तो रात्रीं, घरांतील माणसें निजल्यावर, ओट्यावर बसून हलक्या आवाजांत विचारला जातो. समजा, एका कुटुंबानें दोन वर्षांमागें बाप्तिस्मा घेतला. भाऊबंदांनीं पंगत सोडली, पाणवठ्यावर बोलाचाली झाली, तें सर्व त्यांनीं सोसलें. पुढें मुलगा तापानें पडला. मंडळीनें प्रार्थना केली, आईनें तीन रात्री उशाशीं बसून काढल्या. आणि मुलगा गेला. कांहीं दिवसांनीं एक शेजारीण जातां जातां म्हणते, "देवीचा नेम मोडलात, तिनें आपलें नेलें." मग बाप मास्तरांस विचारतो, "मास्तर, आमचें काय चुकलें? आणि चुकलें नसेल तर देवानें ऐकलें कां नाहीं?"

ह्या प्रश्नाला सोपीं उत्तरें पुष्कळ आहेत, आणि त्यांतील बहुतेक वाईट आहेत. म्हणून आज आम्ही ह्या विषयाचा थोडा सावकाश विचार करणार आहों. शोक करणाराचें समाधान तर्कानें होत नाहीं हें आम्ही जाणतों. परंतु चुकीच्या तर्कानें त्याच्या जखमेवर मीठ मात्र चोळलें जातें. तेवढें टळलें तरी ह्या लेखाचें सार्थक झालें असें आम्ही समजूं.

ईयोबाच्या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायांत सैतान देवापुढें एक शंका मांडतो. ती फार मर्मभेदक आहे. देव नाहीं असें तो म्हणत नाहीं. त्याचें म्हणणें एवढेंच कीं, ह्या माणसाला भक्तीची मजुरी रोखीनें मिळत आहे. सात हजार मेंढरें, तीन हजार उंट, बैलांच्या पांचशें जोड्या, पांचशें गाढवी आणि भरलेलें घर; इतकें मिळाल्यावर कोण भजणार नाहीं? हें काढून घ्या, म्हणजे भक्तीही जाईल. निष्काम प्रीति म्हणून जगांत कांहींच नाहीं, सगळा व्यवहार आहे, असा हा आक्षेप आहे. तो खरा असेल तर एकट्या ईयोबाची भक्ति खोटी ठरते असें नव्हे. आईची माया आणि मित्राची मैत्री हींही खोटीं ठरतात. म्हणून त्या पुस्तकांत एका श्रीमंत माणसाचें दिवाळें निघालें एवढीच गोष्ट सांगितलेली नाहीं. माणूस देवावर देवासाठीं प्रीति करूं शकतो कीं नाहीं, ह्या प्रश्नाचा निकाल त्या राखेच्या ढिगावर लागावयाचा होता.

आतां आपण आपल्या मनांत डोकावून पाहूं. आपण नवस सोडले, पण नवसाचें मन सर्वांनीं सोडलें आहे काय? पूर्वीं आपण म्हणत होतों, "पोर बरें झालें तर नारळ देईन, कोंबडें देईन." आतां आपण म्हणतों, "मी उपासना चुकविली नाहीं, दानाच्या पेटींत आणा टाकला, मग माझ्याच शेतावर पाऊस कां नाहीं?" देवाचें नांव बदललें, वही मात्र जुनीच राहिली; जमा एका बाजूस, खर्च दुसऱ्या बाजूस. पाऊस मागूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. रोजची भाकर मागावयास प्रभूनेंच शिकविलें आहे. परंतु मागणें वेगळें आणि सौदा वेगळा. मूल बापाजवळ मागतें, तेव्हां त्याच्या मनांत हिशेब नसतो. बापानें नको म्हटलें तर तें रडतें, पण दुसरा बाप शोधावयास निघत नाहीं.

ह्यांत दोष सर्वस्वीं मंडळीचाच आहे असेंही नाहीं. आम्हां उपदेश करणारांनीं पुष्कळदां लोकांस असें सुचविलें आहे कीं, ख्रिस्ताकडे या, म्हणजे घरचा आजार जाईल, कर्ज फिटेल, भूतबाधा टळेल. असें सांगून माणूस लवकर येतो, आणि तितक्याच लवकर जातो. जो केवळ भाकरीसाठीं आला तो भाकर संपल्यावर राहणार कसा? योहानाच्या सहाव्या अध्यायांत पांच हजारांचा समुदाय पोटभर जेवल्यावर प्रभूस राजा करूं पाहत होता. लगेच दुसऱ्या दिवशीं कठीण वचन ऐकतांच त्यांतील पुष्कळजण परत फिरले. प्रभूनें त्यांस थांबविण्यासाठीं वचन सौम्य केलें नाहीं. आम्हीं तें पुष्कळदां केलें आहे, आणि त्याचें फळ त्या ओट्यावरच्या बापाला भोगावें लागत आहे, हें आम्हीं कबूल केलें पाहिजे.

आतां ईयोबाच्या मित्रांकडे वळूं. अलीफज, बिल्दद आणि सोफर हे दुरून आले, आणि सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्यानें बसले. त्यांनीं केलेल्या सर्व गोष्टींत हीच उत्तम. पुढें त्यांनीं तोंड उघडलें आणि काम बिघडलें. त्यांचा तर्क सरळ होता: देव न्यायी आहे, न्यायी देव निरपराध्यास पीडा देणार नाहीं, तुला पीडा झाली आहे, त्याअर्थीं तूं कांहीं पाप केलें असलें पाहिजे, तें कबूल कर. आपल्या देशांत कोणी मागल्या जन्मींच्या कर्माकडे बोट दाखवितो, कोणी देवीच्या कोपाकडे. पण तराजू तोच. दुःख पाहावयाचें आणि त्याच्या वजनाइतकें पाप माणसाच्या माथीं मारावयाचें. शेवटच्या अध्यायांत देव कोणाला दोष देतो हें आमच्या वाचकांनीं पुन्हा वाचून पाहावें. देवाची बाजू घेऊन बोलणारे मित्र दोषी ठरले, आणि देवाजवळ तक्रार करणारा ईयोब त्यांच्यासाठीं प्रार्थना करणारा झाला. प्रभु येशूनेंही जन्मांध माणसाविषयीं हाच तराजू मोडला (योहान ९). आणि शिलोआमचा बुरूज पडून जीं अठरा माणसें मेलीं तीं यरुशलेमांतील इतरांहून अधिक पापी नव्हतीं, असें त्यानें स्पष्ट सांगितलें (लूक १३).

दारूनें घर बुडतें, घाणेरड्या पाण्यानें रोग होतो, हें आम्ही नाकारीत नाहीं. कृतीचें फळ कृतीला लागतें, आणि तें प्रेमानें दाखवून देणें हें उपदेशकाचें काम आहे. परंतु प्रत्येक तिरडीवर पापाची चिठ्ठी चिकटविण्याचा अधिकार देवानें कोणालाही दिलेला नाहीं.

पुढील प्रश्न असा कीं, दुःखांत देवाजवळ तक्रार करणें हा अविश्वास आहे काय? पुष्कळ भाविकांस असें वाटतें, आणि म्हणून तीं मनांत जळत असतां तोंडानें "देवाची इच्छा" एवढेंच म्हणतात. पवित्र शास्त्र तसें शिकवीत नाहीं. स्तोत्रांच्या पुस्तकांत आक्रोशाचीं स्तोत्रें पुष्कळ आहेत. हबक्कूक संदेष्टा आरंभींच विचारतो कीं, मी किती काळ ओरडावें व तूं ऐकूं नयेस? त्र्याहत्तराव्या स्तोत्रांत आसाफ कबूल करितो कीं, दुष्टांचें वैभव पाहून आपला पाय घसरण्याच्या बेतांत होता. हीं माणसें देवाविषयीं लोकांजवळ कुरकुर करीत नाहींत. देवाविषयीं देवाजवळच बोलतात. येथेंच सगळा भेद आहे. बापाशीं भांडणारा मुलगा अजून घरांतच असतो. बोलणें टाकून निघून जाणारा मुलगा गेलेला असतो. ज्याला रडून प्रार्थना करितां येते त्याचा विश्वास मेला असें कोणीं म्हणूं नये. मार्काच्या नवव्या अध्यायांतील त्या आजारी मुलाच्या बापानें आपला विश्वास आणि आपला अविश्वास एकाच वाक्यांत प्रभूपुढें ठेविला, आणि प्रभूनें त्याला परत लाविलें नाहीं.

आणि देवानें ज्याला "नाहीं" म्हटलें असें पहिलें लेंकरूं आपणच आहों काय? पौलानें आपल्या शरीरांतील कांट्याविषयीं तीन वेळां विनंति केली, आणि कांटा राहिला. गेथशेमाने बागेंत खुद्द प्रभूनें प्याला टळावा म्हणून तीन वेळां प्रार्थना केली, आणि प्याला टळला नाहीं. तेव्हां "माझी प्रार्थना ऐकली गेली नाहीं, त्याअर्थीं देवाचें माझ्यावर प्रेम नाहीं" हा तर्क जर खरा, तर तो प्रथम प्रिय पुत्रालाच लागू करावा लागेल. तो तेथें लागू होत नाहीं, तर आपल्यालाही होत नाहीं.

येथवर पुष्कळ वाचक आमच्याशीं सहमत होतील. परंतु एक कठीण अडचण अजून उरली आहे, ती टाळणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. कोणी विचारील, "पाऊस पडला तरी देव चांगला, न पडला तरी चांगला, मूल वांचलें तरी विश्वास, मेलें तरी विश्वास. मग ह्या विश्वासांत आणि निव्वळ हट्टांत भेद काय?"

ह्या अडचणीचें एक खरें उदाहरण आपल्यासमोर आहे. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान व अत्यंत भाविक पुरुष. पत्नीला संस्कृत शिकविल्याबद्दल स्वजातीयांचा रोष त्यांनीं पत्करला. तीर्थें करीत, पुराण सांगत त्यांचें कुटुंब दक्षिण देशांत फिरत असे. मद्रास इलाख्यांतील दुष्काळानें त्यांना गांठलें, तेव्हां देव प्रसन्न व्हावा म्हणून जवळचें द्रव्य दानधर्मांत व अनुष्ठानांत गेलें, दागिने व भांडीं विकलीं गेलीं. शेवटीं पाण्यावर व झाडपाल्यावर दिवस काढण्याची पाळी आली. १८७४ सालीं वडील वारले, त्यांच्यामागून आई, आणि मग थोरली बहीण. पुढें भाऊ श्रीनिवास व रमाबाई यांनीं हजारों मैल पायीं प्रवास केला, आणि त्या वाटेवर त्या जुन्या उपासनेवरील त्यांचा भाव उडाला. ही हकीकत बाईंनीं स्वतः लिहून ठेविली आहे.

आमच्या लोकांपैकीं कांहींजण ही गोष्ट सांगतांना हंसून म्हणतात, "पाहा, त्यांच्या देवांनीं त्यांना तांदूळ दिले नाहींत." असें म्हणणाराला आम्ही विनंति करितों कीं, त्यानें दोन घटका थांबावें. त्या वृद्ध शास्त्रीबुवांची निष्ठा आपल्यांतील पुष्कळांच्या निष्ठेहून कमी नव्हती. आणि १८९९–१९०० च्या मोठ्या दुष्काळांत ख्रिस्ती लोकही उपाशी मेले. अन्न मिळालें तर देव खरा आणि न मिळालें तर खोटा, ही जर कसोटी, तर आपल्याच स्मशानभूमींतील थडग्यांपुढें आपण काय उत्तर देणार? तेव्हां भक्ति किती दृढ होती ह्यावरून ती खरी ठरत नाहीं, आणि तिच्यापासून काय मिळालें ह्यावरूनही ठरत नाहीं. शेजाऱ्याच्या दुःखाचा उपयोग आपल्या धर्माचें प्रमाण म्हणून करणारा अलीफजाच्याच ओळींत जाऊन बसतो.

मग खरें माप कोणतें? आम्हांस असें वाटतें कीं, विश्वास हा कोणावर ठेविला आहे, आणि त्या कोणाविषयीं आपल्याला काय ठाऊक आहे, ह्यावर सर्व अवलंबून आहे. एक घरगुती दृष्टांत घेऊं. एक तरुण मुंबईस गिरणींत कामाला गेला. वर्षभर त्याची मनिऑर्डर वेळेवर येत होती. मग चार महिने पत्र नाहीं, पैसा नाहीं. गांव म्हणतें, "शहराचें वारें लागलें, विसरला." पण ज्या थोरल्या बहिणीनें त्याला आईच्या मागें वाढविलें ती म्हणते, "तो तसा नाहीं. कांहीं तरी अडचण असेल." ती हट्टी आहे काय? तिला तो ठाऊकच नसता तर तिचें बोलणें हट्टाचें झालें असतें. परंतु ती ह्या चार महिन्यांच्या अंधारावरून आपल्या भावाचा स्वभाव ठरवीत नाहीं. भावाच्या स्वभावावरून अंधाराचा अदमास करिते. जें ठाऊक नाहीं त्यावरून जें ठाऊक आहे तें खोटें ठरवूं नये, एवढेंच ती करिते. विश्वास म्हणतात तो हाच.

आपल्याला देवाविषयीं काय ठाऊक आहे? एक गोष्ट निश्चित ठाऊक आहे: तो दुःखाच्या बाहेर उभा राहून हुकूम सोडणारा नाहीं. वधस्तंभावर तो आपल्या पुत्राच्या ठायीं दुःखाच्या आंत आला. दुसरें असें कीं, त्यानें आपल्याला फसविलें नाहीं. आपल्या मागें येणारांस त्यानें सुखाचें वचन दिलें असतें आणि तें पाळलें नसतें, तर त्याला खोटें म्हणण्यास जागा होती. पण त्यानें संकटच सांगितलें होतें (योहान १६), आणि संकटांत सोबतीचें वचन दिलें होतें. दृष्टांत मात्र एका ठिकाणीं थांबतो, हेंही सांगितलें पाहिजे. बहिणीला उद्यां पत्र येईल आणि सर्व उलगडेल. त्या बापाला कदाचित् ह्या जन्मीं पत्र येणार नाहीं. ईयोबालाही पहिल्या अध्यायांतील गोष्ट शेवटपर्यंत कोणीं सांगितली नाहीं. त्याला कारण मिळालें नाहीं, देव भेटला. आम्ही ह्याहून अधिक वचन देऊं शकत नाहीं, आणि कमीही देत नाहीं.

रमाबाईंचें पुढील आयुष्य पाहिलें म्हणजे हा विश्वास काय करितो तें दिसतें. १८८० सालीं भाऊ गेला; १८८२ सालीं, लग्नाला दोन वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं तोंच, पति वारले; कडेवर लहान मनोरमा राहिली. १८८३ सालीं इंग्लंडांत त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. पुढें १८९६–९७ मध्यें मध्यप्रांतांत दुष्काळ पडला, तेव्हां "देवा, पुन्हा दुष्काळ कां?" एवढेंच विचारीत त्या घरीं बसल्या नाहींत. भुकेनें मरणाऱ्या मुलींना पाहावयास त्या स्वतः गेल्या, आणि शेंकडों मुली घेऊन आल्या. केडगांवचें मुक्तिसदन त्यांतूनच वाढलें. मुलगी असतांना ज्या दुष्काळानें त्यांचें घर पुसलें, त्याच दुष्काळाच्या तोंडांतून त्यांनीं दुसऱ्यांच्या मुली ओढून काढल्या. आणि शेवटीं, १९२१ सालीं, आईचा उजवा हात झालेली मनोरमा चाळीस वर्षांची होऊन आईच्या आधीं गेली. त्या वेळीं बाई मूळ भाषांतून पवित्र शास्त्राचें सोप्या मराठींत भाषांतर करण्याच्या कामांत होत्या. तें काम त्यांनीं टाकलें नाहीं. १९२२ च्या एप्रिलांत त्या वारल्या, आणि तें शास्त्र १९२४ सालीं प्रसिद्ध झालें. मुलीविषयींच्या प्रश्नाला त्यांना उत्तर मिळालें असें आम्ही म्हणत नाहीं. पण उत्तरावांचून त्यांचा हात नांगरावरून निघाला नाहीं. शेतकऱ्याला हें समजावून सांगावयास नको. गेल्या वर्षीं सर्व करपलें असतां, घरांत पोरें अर्धपोटीं निजत असतां, तो बियाण्याचे दाणे राखून ठेवितो आणि मृग निघतांच पुन्हा पाभर धरितो. आभाळानें त्याला हमी दिलेली नसते.

येथें एक सावधगिरीची सूचना देणें जरूर आहे. देवावर भरंवसा ठेवणें म्हणजे औषध सोडणें नव्हे. मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देवदूत झेलतील, हा सल्ला सैतानानें दिला होता, आणि प्रभूनें तो नाकारिला (मत्तय ४). १८९६ सालीं मुंबईंत प्लेग सुरू झाला, आणि १८९७ च्या जानेवारींत हाफकिन साहेबांनीं आपण तयार केलेली लस प्रथम स्वतःलाच टोंचून घेतली. अशा माणसांच्या ज्ञानाला आणि धैर्याला देवाचें दान न मानतां, "आमचा विश्वास आहे, आम्हांस डॉक्टर नको" असें म्हणणें ही श्रद्धा नव्हे. ती देवाची परीक्षा पाहणें होय. मुलाला दवाखान्यांत न्या, आणि वाटेनें प्रार्थना करा. दोन्ही हात एकाच देवाचे आहेत.

आतां आमच्या उपदेशक बंधूंसाठीं दोन शब्द. ज्या घरीं मरण आलें आहे तेथें प्रथम बसा. ईयोबाचे मित्र सात दिवस बसले, आपण निदान सात घटका बसूं या. कारण सांगूं नका, कारण तुम्हांस ठाऊक नाहीं. "देवाला तो अधिक आवडला म्हणून नेला" असें आईला सांगूं नका; तिला तो कमी आवडत होता काय? घरांत पीठ आहे कीं नाहीं तें पाहा, सरपण आहे कीं नाहीं तें पाहा, आणि रडण्याला लाज वाटूं देऊं नका. लाजराच्या कबरेजवळ प्रभूही रडला. आणि तो बाप जर म्हणाला, "मास्तर, माझ्यानें आतां प्रार्थना होत नाहीं," तर त्याला अविश्वासी ठरवूं नका. पक्षघाती माणसाला चौघांनीं उचलून छपरांतून खालीं सोडलें, तेव्हां प्रभूनें त्या चौघांचा विश्वास पाहिला (मार्क २). मोशेचे हात जड झाले तेव्हां अहरोन व हूर यांनीं ते धरून ठेविले (निर्गम १७). मंडळी ह्याचसाठीं आहे. एकाचा विश्वास थकला असतां दुसऱ्यांनीं तो कांहीं दिवस खांद्यावर वाहावा. पुढें कधीं तरी आपलीही पाळी येणारच आहे.

ओट्यावरच्या त्या बापाला मग आम्ही काय सांगूं? "तुझें कांहीं चुकलें म्हणून हें झालें, असें मानूं नको. देवीनें नेलें असेंही मानूं नको. देवानें 'नाहीं' कां म्हटलें तें आम्हांस ठाऊक नाहीं. परंतु ज्यानें 'नाहीं' म्हटलें त्याचाही पुत्र मेला होता, हें ठाऊक आहे. तुला बोलावयाचें असेल तें त्याच्याशीं बोल, रागानें बोललास तरी चालेल. फक्त बोलणें टाकूं नको." एवढें सांगून आम्ही त्याच्याजवळ बसूं, आणि उजाडेपर्यंत घरीं जावयाची घाई करणार नाहीं.